पहिलं पुस्तक संपल्यावर

१९५९ साली सातारा जिल्ह्यातल्या गावांत रात्रीच्या शाळा भरू लागल्या. विद्यार्थी होते शेतकरी, शेतमजूर, सासुरवाशिणी आणि नातवंडं खेळवणारी माणसं. दिवसभर रानात राबून आलेल्यांना शिकवायला होते गावच्याच प्राथमिक शाळेतले गुरुजी आणि चार बुकं शिकलेली तरुण मुलं. ना पगार, ना भत्ता. कंदिलाचं रॉकेल आणि पाट्या-पेन्सिली यांची सोय शक्यतो गावानेच करायची. या उपक्रमाचं नाव होतं ग्राम शिक्षण मोहीम.

मोहिमेचा गाभा तिच्या नावातच होता. एकेका माणसाला नव्हे, अख्ख्या गावाला साक्षर करायचं. आधी गावाने बसून ठरवायचं, निरक्षरांची यादी करायची, मग घरोघरी जाऊन माणसं गोळा करायची. साधारण चार महिन्यांत वर्ग पुरा झाला की परीक्षा व्हायची, आणि सगळं गाव उत्तीर्ण झालं की ग्रामगौरव समारंभ. जत्रेसारखा. एका गावाने तो साजरा केला की शेजारच्या गावाला गप्प बसवत नसे. सरकारी फर्मानाने जे झालं नसतं ते गावकीच्या अभिमानाने झालं.

हे साताऱ्यातच का सुरू झालं, याचं उत्तर त्या मातीत आहे. याच जिल्ह्यात, कराड तालुक्यातल्या काले गावी, १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली होती. आपल्या पोरांच्या शाळेसाठी ज्वारी-बाजरी देणं, वसतिगृह चालवणं ही गोष्ट इथल्या कुणब्याला नवी नव्हती. बेचाळीसच्या चळवळीत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगावी कार्यकर्त्यांचं जाळं विणलं होतं. राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण याच जिल्ह्याचे. मोहीम सुरू झाली त्याच वर्षी, ९ मे १९५९ रोजी, कर्मवीर भाऊराव गेले. त्यांनी पोरांसाठी जे केलं ते आता त्या पोरांच्या आईबापांसाठी होऊ लागलं होतं.

प्रयोग यशस्वी झाला, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर मोहीम राज्यभर नेण्यात आली. लाखो माणसं अंगठ्याऐवजी सही करू लागली. पण काही वर्षांतच एक दुखरी गोष्ट लक्षात येऊ लागली. ज्या गावांनी वाजतगाजत ग्रामगौरव समारंभ केले, तिथलीच कित्येक माणसं अक्षरं विसरत चालली होती. कारण सरळ होतं. पहिलं पुस्तक संपलं होतं आणि दुसरं पुस्तक गावात आलंच नव्हतं.

भारताच्या प्रौढ शिक्षणाच्या धोरणाची पुढची सगळी कहाणी या एका वाक्यात सामावलेली आहे. वर्ग उघडणं आपल्याला जमलं, माणसं बसवणं जमलं. शिकलेलं टिकवणं मात्र दर वेळी पुढच्या योजनेवर ढकललं गेलं.

मागची वाट

मोठ्या माणसांनी शिकावं ही कल्पना साताऱ्यात जन्मली नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकऱ्यांसाठी आणि कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणगावातल्या कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालयं चालवली. वाचनालयाची जोड पहिल्यापासून होती हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी तर गावोगावी ग्रंथालयं काढली आणि जिथे ती नव्हती तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवल्या.

सरकारने या कामात हात घातला तो १९३७ च्या निवडणुकांनंतर. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. १९३९ साली मुंबई शहरासाठी प्रौढ शिक्षण समिती नेमली गेली आणि चाळीचाळींत वर्ग सुरू झाले. बिहारमध्ये शिक्षणमंत्री सय्यद महमूद यांनी अशीच मोहीम हाती घेतली. पण त्याच वर्षी महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि बहुतेक ठिकाणी काम थंडावलं. मुंबईची समिती मात्र पुढे बरीच वर्षं टिकली.

स्वातंत्र्यानंतर पहिले शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांनी या कामाचं नाव बदललं. नुसती अक्षरओळख पुरेशी नाही. मतदार झालेल्या माणसाला आपले हक्क, आरोग्य, शेती, सहकार हेही कळायला हवं, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून शब्द आला समाजशिक्षण. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली तेव्हा तालुक्या-तालुक्यांत समाजशिक्षण संघटक आणि मुख्यसेविका नेमल्या गेल्या. विचार उदार होता. अंमलात मात्र कुठे भजनी मंडळ, कुठे रेडिओ, कुठे खेळाचं सामान यांवरच समाजशिक्षण भागलं, आणि अक्षरं मागे पडली.

१९५१ च्या जनगणनेत शंभरातली जेमतेम १८ माणसं साक्षर होती. १९६१ मध्ये हे प्रमाण २८ वर गेलं, पण लोकसंख्याही वेगाने वाढत होती. लहान मुलं धरून देशात १९५१ साली सुमारे ३० कोटी निरक्षर होते. १९८१ पर्यंत हा आकडा ४० कोटींच्या पुढे गेला. टक्का चढत होता आणि अंगठा उठवणारी माणसंही वाढत होती. त्या काळातल्या धोरणकर्त्यांची झोप उडवणारं गणित हेच होतं.

बहिरेवाडीचा माणूस

या गणिताला भिडणाऱ्यांत एक मराठी नाव ठळक आहे: जयंत पांडुरंग नाईक. १९०७ साली कोल्हापूरकडच्या बहिरेवाडीत जन्मलेल्या जे. पी. नाईकांनी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगला, धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी गावात राहून ग्रामीण शिक्षणाचं काम केलं आणि पुढे गारगोटीला मौनी विद्यापीठ उभारलं. गावात राहून शिकलेलं हे शहाणपण घेऊन ते दिल्लीत पोहोचले. १९६४ साली डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला आणि नाईक त्याचे सदस्य-सचिव झाले.

जून १९६६ मध्ये सादर झालेल्या या आयोगाच्या अहवालात प्रौढ शिक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. देशाची साक्षरता १९७१ पर्यंत ६० टक्क्यांवर आणि १९७६ पर्यंत ८० टक्क्यांवर न्यावी, असं त्यात म्हटलं होतं. दोन वाटा सुचवल्या होत्या. एक निवडक: कारखान्यातले कामगार, सरकारी कामावरचे मजूर अशा ठरावीक गटांना त्यांच्या कामाला जोडून शिकवायचं. दुसरी सार्वत्रिक: शिकलेल्या सगळ्यांनी उठून न शिकलेल्यांना शिकवायचं, म्हणजे साताऱ्याचीच वाट. आणि साक्षरता म्हणजे सही नव्हे, ती रोजच्या जगण्यात उपयोगी पडली पाहिजे, तिच्यामागे ग्रंथालयांचं जाळं हवं, हेही बजावून सांगितलं होतं.

१९७१ ची जनगणना झाली तेव्हा साक्षरता ३४ टक्क्यांच्या आसपास होती. ६० चं स्वप्न निम्म्यावर आलं होतं. मधल्या काळात केंद्राच्या हातून झालेलं ठळक काम म्हणजे १९६७-६८ साली सुरू झालेली शेतकऱ्यांची कार्यात्मक साक्षरता योजना. संकरित बियाणं आणि रासायनिक खत आलं होतं. पिशवीवरचा मजकूर वाचता यावा, खताचं प्रमाण कळावं, हा हेतू. योजना चांगली होती, पण मोजक्या जिल्ह्यांपुरती. पैसा आणि लक्ष दोन्ही मुलांच्या शाळांकडे होतं. मुलं शिकली की निरक्षरता आपोआप संपेल, अशी समजूत होती. पण अर्धी मुलं चौथी-पाचवीच्या आत शाळा सोडत होती आणि उद्याचे निरक्षर प्रौढ होत होती.

दहा कोटींचा संकल्प

१९७७ साली जनता पक्षाचं सरकार आलं. शिक्षणमंत्री प्रतापचंद्र चंदर यांनी काही दिवसांतच संसदेत सांगितलं की प्राथमिक शिक्षणाइतकंच महत्त्व प्रौढ शिक्षणाला दिलं जाईल. पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर १९७८ रोजी, राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. १५ ते ३५ वयोगटातल्या १० कोटी माणसांना पाच वर्षांत शिकवायचं होतं. एवढा मोठा संकल्प देशाने या क्षेत्रात पूर्वी कधी केला नव्हता.

या कार्यक्रमाच्या मांडणीत तीन गोष्टी होत्या: अक्षरज्ञान, कामातलं कौशल्य आणि जाणीवजागृती. तिसऱ्या शब्दात खरी ठिणगी होती. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांचा विचार तेव्हा जगभर पोहोचला होता. आपण गरीब का, हे विचारायला शिकणं हाच शिक्षणाचा आरंभ, असं ते मांडत. किमान वेतनाचा कायदा, कुळाचे हक्क, सावकाराचं व्याज यांवर वर्गात बोलायचं, अशी कल्पना सरकारी कागदावर प्रथमच आली.

प्रत्यक्षात गावात काय उतरलं? एका केंद्रावर साधारण ३० जण, वर्ग दहा महिने, आणि शिकवणाऱ्याला महिना ५० रुपये मानधन. हा निदेशक बहुधा गावातलाच बेरोजगार तरुण. त्याला मिळालेलं प्रशिक्षण थोडं, आणि दहा महिन्यांनी केंद्र बंद झालं की मानधनही बंद. कंदील आला तर रॉकेल नाही, रॉकेल आलं तर पुस्तकं नाहीत, ही तक्रार ठिकठिकाणची होती. पेरणीला आणि सुगीला वर्ग ओस पडायचे. बायकांचे वर्ग दुपारी, पुरुषांचे रात्री भरायचे. हजेरीपटावर ३० नावं आणि चटईवर दहा माणसं, असं चित्र अनेकांनी पाहिलं.

साताऱ्यात गावाने मोहीम आपली मानली होती. १९७८ मध्ये केंद्र आलं आणि गाव बाहेर राहिलं, असं मला या दोन प्रयत्नांकडे पाहताना वाटतं. मानधन देणं चूक नव्हतं; उलट ५० रुपये फार कमी होते. पण या खेपेला यादी करायला, माणसं बोलवायला आणि शेवटी अभिमान बाळगायला गाव नव्हतं.

जनता सरकार पडलं. कार्यक्रमाचा आढावा घ्यायला पुन्हा डॉ. कोठारी यांच्याच अध्यक्षतेखाली समिती बसली होती; तिचा अहवाल १९८० मध्ये आला. काम अक्षरांपुरतंच उरलं आहे, कौशल्य आणि जाणीवजागृती मागे पडली आहे, असं समितीने स्पष्ट सांगितलं. आणि तरीही कार्यक्रम थांबवू नका, सुधारा, असंही सांगितलं. त्या काळात नाईक पुण्यात होते. १९४८ साली मुंबईत सुरू झालेली भारतीय शिक्षण संस्था त्यांनी आणि डॉ. चित्रा नाईक यांनी १९७६ मध्ये पुण्यात आणली होती. महाराष्ट्रातल्या प्रौढ शिक्षणाला लागणारी पुस्तकं आणि प्रशिक्षण यांचं बरंच काम या संस्थेतून झालं. १९८१ साली जे. पी. नाईक गेले. चित्राताई पुढची अनेक वर्षं या कामात राहिल्या.

मिनिटाला तीस शब्द

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर ५ मे १९८८ रोजी राजीव गांधींनी राष्ट्रीय साक्षरता मिशनची सुरुवात केली. १९९५ पर्यंत ८ कोटी प्रौढांना साक्षर करायचं ठरलं. पण यातली खरी नवी गोष्ट आकडा नव्हे, मोजमाप ही होती. साक्षर कोणाला म्हणायचं, याचं उत्तर प्रथमच नेमकेपणाने लिहिलं गेलं. ओळखीच्या विषयावरचा सोपा मजकूर मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाने मोठ्याने वाचता यावा, मनात वाचताना ३५; पाहून लिहिताना मिनिटाला सात शब्द, सांगितलेलं लिहून घेताना पाच. १०० पर्यंत अंक, तीन अंकी बेरीज-वजाबाकी, दोन अंकी गुणाकार-भागाकार. त्यासाठी तीन भागांचं पाठ्यपुस्तक तयार झालं आणि वेळ ठरला सुमारे २०० तास. पुस्तकातच चाचण्या होत्या, म्हणजे आपण किती शिकलो हे शिकणाऱ्याला स्वतःला कळावं.

मराठीत शिकवणाऱ्यांना या मापातली एक अडचण लगेच जाणवण्यासारखी आहे. आपली भाषा प्रत्यय शब्दाला चिकटवते. हिंदीत ‘बाज़ार वालों के लिए भी’ हे पाच शब्द. मराठीत ‘बाजारातल्यांसाठीसुद्धा’ हा एकच. मिनिटाला ३० शब्द ही अट कागदावर सारखी दिसली तरी साठीच्या मराठी बाईच्या डोळ्यांना आणि जिभेला तिचं ओझं जास्त पडतं. त्यात जोडाक्षरं. दिल्लीत ठरवलेलं माप प्रत्येक भाषेत नव्याने घडवावं लागतं, हा धडा गुणवत्तेच्या चर्चेत क्वचितच घेतला गेला. तरीही एक माप आलं, आणि ‘सही करता येते’ एवढ्यावर समाधान मानण्याचे दिवस निदान कागदावर तरी सरले, ही मोठी गोष्ट होती.

वारं कोचीकडून आलं

मिशनने सुरुवातीला जुन्याच केंद्रांवर भिस्त ठेवली होती. वाट बदलली ती केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्याने. शास्त्र साहित्य परिषद ही १९६२ पासून विज्ञानप्रसाराचं काम करणारी लोकसंघटना आणि जिल्हाधिकारी यांनी मिळून २६ जानेवारी १९८९ रोजी तिथे संपूर्ण साक्षरता अभियान सुरू केलं. घरोघरी पाहणी झाली. पदयात्रा, पथनाट्यं, गाणी यांनी जिल्हा ढवळून निघाला. सुमारे २० हजार स्वयंसेवक एक पैसा न घेता शिकवायला उभे राहिले. म्हाताऱ्यांना अक्षरं दिसत नाहीत हे लक्षात आल्यावर लोकांकडून जुने चष्मे मागून घेतले गेले. शिकण्याची संधी म्हणजे काय, याचं मला माहीत असलेलं सर्वांत नेमकं उत्तर हे चष्मे आहेत. दार उघडं ठेवून भागत नाही. माणूस दारापर्यंत का येत नाही, हे आधी पाहावं लागतं.

४ फेब्रुवारी १९९० रोजी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग यांनी एर्नाकुलम हा संपूर्ण साक्षर जिल्हा म्हणून जाहीर केला. वर्षभरानंतर, १८ एप्रिल १९९१ रोजी, कोळिकोडच्या मानांचिरा मैदानावर अख्खं केरळ साक्षर झाल्याची घोषणा झाली. ती करण्याचा मान मुख्यमंत्र्यांना नव्हे, मलप्पुरम जिल्ह्यातल्या चेलक्कोडन आयिशा या साठीच्या आसपासच्या नवसाक्षर बाईंना मिळाला.

हे वारं देशभर फिरलं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा साक्षरता समित्या स्थापन झाल्या. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीच्यांत होते. एक कोकणच्या टोकाचा, घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत किंवा हॉटेलात असलेला, मनीऑर्डर आणि पत्रावर जगणारा. दुसरा गांधी-विनोबांच्या कार्याने घडलेला. पुढे राज्यातले बहुतेक जिल्हे अभियानात आले. महाविद्यालयातली मुलं, शिक्षक, बालवाडीताई, महिला मंडळं, सगळी वर्गांत दिसू लागली. दहा वर्षांत देशातल्या ४०० हून अधिक जिल्ह्यांत अभियान पोहोचलं.

या लाटेत काही ठिकाणी १९७८ ची हरवलेली ठिणगी पुन्हा पेटली. आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता वर्गाच्या पुस्तकात दारूने उद्ध्वस्त झालेल्या घराची गोष्ट होती. दुबगुंटा गावच्या बायकांनी ती वाचली, आपल्याच घराची म्हणून ओळखली आणि गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं. १९९२ मध्ये हे आंदोलन जिल्हाभर आणि मग राज्यभर पसरलं. ऑक्टोबर १९९३ मध्ये आंध्र सरकारला गावठी अर्काच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात अभियानाबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. दगडखाणीत राबणाऱ्या हजारो बायका सायकलवर बसल्या. त्यांना आता बसची वाट पाहायची गरज उरली नाही, की कुणाला विचारून बाहेर पडायची. शिकण्याची गुणवत्ता मोजायची तर मिनिटाला ३० शब्दांच्या शेजारी ही दोन उदाहरणं मांडावी लागतील.

ओहोटी

१९९४ साली अरुण घोष यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटाने या अभियानांची तपासणी केली. जिथे लोक उभे राहिले तिथे यश खरं होतं. पण अनेक जिल्ह्यांत मोहीम नुसती सरकारी झाली होती, आकडे फुगवले गेले होते, आणि सर्वांत गंभीर म्हणजे अभियान संपणं आणि साक्षरोत्तर कार्यक्रम सुरू होणं यांत फार मोठी दरी पडत होती. कुठे मंजुरी रखडली, कुठे जिल्हाधिकारी बदलून गेले. या मधल्या महिन्यांत कच्ची अक्षरं पुसली गेली. साताऱ्यात तीस-पस्तीस वर्षांपूर्वी दिसलेली तीच गोष्ट आता शेकडो जिल्ह्यांत दिसत होती.

असं का व्हावं? अक्षरांना रोज पाणी लागतं. नव्याने शिकलेल्या माणसाला ठळक टाइपातलं, सोप्या वाक्यांचं, पण मोठ्या माणसाच्या अनुभवाचं पुस्तक लागतं. मुलांच्या चिऊ-काऊच्या गोष्टी त्याच्या कामाच्या नसतात. तो सातबारा, वीजबिल, एस.टी.ची पाटी, पोथी, रेशनकार्ड वाचू पाहतो. यांतलं पहिलं पान अडलं की तो पुन्हा शेजारच्या पोराला हाक मारतो आणि वाचणं सोडून देतो. म्हणून निरंतर शिक्षण केंद्रं, नवसाक्षरांसाठी पुस्तकं, गाववाचनालयं ही योजनेची शेपूट नव्हती, तो तिचा कणा होता. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत. प्रौढ शिक्षणाचं खातं आणि ग्रंथालयांचं खातं यांची गाठ मात्र घट्ट बांधली गेली नाही.

तरीही या दशकाचं श्रेय नाकारता येत नाही. २००१ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे ६५ टक्क्यांवर पोहोचली, आणि स्वातंत्र्यानंतर प्रथमच निरक्षरांची एकूण संख्या घटली. नुसता टक्का चढला नव्हता, माणसं कमी झाली होती. यात शाळांच्या प्रसाराचा वाटा मोठा होता, आणि रात्रीच्या वर्गांचाही. आपण शिकलेल्या आया मुलींना शाळेत पाठवू लागल्या, हे या वर्गांचं कुठल्याच परीक्षेत न मोजलेलं फळ होतं.

पण त्याच जनगणनेने दाखवलं की शंभर पुरुषांतले ७५ वाचू शकत होते आणि शंभर बायकांतल्या ५४ च. म्हणून ८ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झालेल्या साक्षर भारत योजनेचा रोख बायकांवर होता. ७ कोटी प्रौढांचं लक्ष्य ठेवलं, त्यातल्या ६ कोटी बायका. ग्रामपंचायतीच्या पातळीवर लोकशिक्षण केंद्र आणि तिथे महिना २,००० रुपयांवर काम करणारे प्रेरक होते. निदान या खेपेला गावात एक कायमची जागा आणि एक ओळखीचा माणूस होता. ३१ मार्च २०१८ रोजी योजना संपली, प्रेरकांचं काम गेलं, केंद्रांना कुलपं लागली. मधे एक छोटा कार्यक्रम येऊन गेला. पुढची मोठी योजना सुरू व्हायला १ एप्रिल २०२२ उजाडला.

ती योजना म्हणजे आजचा उल्लास, नवभारत साक्षरता कार्यक्रम. २०२० च्या शिक्षण धोरणाने प्रौढ शिक्षण आणि आयुष्यभर शिकणं यांवर स्वतंत्र प्रकरण दिलं. त्यातून पाच वर्षांसाठी १,०३७.९० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि ५ कोटी माणसांचं लक्ष्य ठरलं. शिकवणारे पुन्हा स्वयंसेवक आहेत. अक्षर-अंकांबरोबर पैशांचे डिजिटल व्यवहार, आरोग्य, कायदा यांची ओळखही अभ्यासात आहे. वाचन, लेखन आणि अंकज्ञान अशी १५० गुणांची परीक्षा होते. १७ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्रात ती झाली तेव्हा आज्या नातवंडांचं बोट धरून शाळेत आल्या. ३० मे २०२५ रोजी, आपल्या घटकराज्य दिनी, गोवा संपूर्ण साक्षर राज्य म्हणून जाहीर झालं. आनंदाची गोष्ट आहे. गोव्याची खरी परीक्षा मात्र आता सुरू होते, कारण ग्रामगौरव समारंभानंतरची सकाळ नेहमी अशीच असते.

दुसरं पुस्तक

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीत पाटी घेऊन बसलेल्या त्या आज्यांची छायाचित्रं जगभर गेली. मुदत नाही, लक्ष्य नाही. गावातल्या एका शिक्षकाने सुरू केलेली आणि गावाने सांभाळलेली ही शाळा. साताऱ्याचं जुनं शहाणपण तिथे जिवंत दिसतं.

साठ-पासष्ट वर्षांच्या या वाटचालीतून मी जे शिकलो ते एवढंच आहे. शिकण्याची संधी आणि शिकण्याची गुणवत्ता या दोन वेगळ्या योजना नव्हेत. ज्या शिक्षणाच्या मागे दुसरं पुस्तक नाही ती संधी अपुरी, आणि ज्या गावाने वर्ग आपला मानला नाही तिथली गुणवत्ता उसनी. मोहीम, कार्यक्रम, मिशन, अभियान, उल्लास अशी नावं बदलली. प्रत्येक वेळी पहिल्या पुस्तकासाठी पैसा मिळाला. दुसऱ्यासाठी मिळाला तो उशिरा, आणि थोडा.

म्हणून सरकारला विनंती आहे की परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक आजीच्या हाती प्रमाणपत्राबरोबर तिच्या गावच्या वाचनालयाचं सभासदपत्र द्यावं आणि ग्रंथालयांच्या अनुदानात नवसाक्षरांच्या कपाटाची अट घालावी. आणि वाचकांना विनंती आहे: तुमच्या गावात, गल्लीत, सोसायटीत, घरी काम करायला येणाऱ्यांत कुणीतरी नुकतंच अक्षर शिकलेलं असेल. त्यांचं पहिलं पुस्तक संपलं का, ते विचारा. संपलं असेल तर दुसरं तुम्ही द्या, आणि त्यांनी वाचलेलं पहिलं पान शेजारी बसून ऐका.